उस्तादांचा लाल ठिपका

बहरीनमध्ये अंधार पडला की दिव्यांना मिशा फुटतात, असं लहू सरवदे यांचं ठाम मत होतं. सिग्नलचा दिवा असो, सीफमधल्या मॉलची पाटी असो, नाहीतर अस्करच्या अल्युमिनियम कारखान्याच्या धुराड्यावरचा लाल दिवा असो; एक टोक डावीकडं खाली, दुसरं उजवीकडं वर, अशी झोकदार तिरकी मिशी प्रत्येकाला असायचीच. कारण उघड होतं. बेट लहान, चहूबाजूंनी समुद्र, हवेत वाफच वाफ. त्या वाफेत उजेड फाटणार नाही तर काय होईल? पथकात नवा माणूस आला की उस्ताद त्याला विमानतळावरून आणताना वाटेत ही माहिती देत. नवा माणूस काचेतून बाहेर बघे आणि म्हणे, "हो उस्ताद, आहेत मिशा." आजवर एकानंही नाही म्हटलं नव्हतं, आणि ज्या सिद्धांताला कुणीच नाही म्हणत नाही तो सिद्ध झाला असं उस्ताद धरून चालत.

पथक म्हणजे संरक्षण पथक. मोत्यांच्या व्यापारातून वर आलेलं आणि आता सिमेंटपासून दह्यापर्यंत सगळं विकणारं एक जुनं बहरीनी घराणं होतं. त्या घरातली माणसं लग्नाला, मयताला, बँकेत, दवाखान्यात जिथं जातील तिथं पथकातले दोघंतिघं कोट घालून मागं उभे राहत. कोटाखाली कमरेला एक लहानसं पिस्तूल, रीतसर परवान्याचं. ते कुणाला दिसता कामा नये ही नोकरीची अट, आणि ते कधी बाहेर काढावं लागू नये ही प्रत्येकाच्या बायकोची अट. आजवर दोन्ही अटी पाळल्या गेल्या होत्या.

या पथकाचे प्रमुख म्हणजे लहू सरवदे. फौजेतून हवालदार म्हणून निवृत्त झालेले, आणि त्याआधी रेजिमेंटच्या नेमबाजी संघात नाव कमावलेले. फौजेत शिकवणाऱ्याला उस्ताद म्हणतात. तो शब्द त्यांच्याबरोबर समुद्र ओलांडून आला. गुदैबियातल्या त्यांच्या फ्लॅटमध्ये भिंतीवर बाबासाहेबांचा फोटो, त्याखाली बुद्धमूर्ती आणि त्याखालच्या काचेच्या कपाटात नेमबाजीचं सोनेरी पदक होतं. लातूरकडच्या गावात सरवद्यांच्या घराची पहिली पक्की भिंत लहूच्या उजव्या डोळ्यानं बांधली, असं त्यांची आई शेवटपर्यंत येणाऱ्याजाणाऱ्याला सांगायची. गवंड्याचं नाव ती कधीच घ्यायची नाही.

तर एके दिवशी या डोळ्याला बोलावणं आलं. उबेद हा त्या घराण्याचा भाचा आणि सुरक्षेचा मुख्य अधिकारी. हिंदी तो बहरीनच्या दुकानांत शिकला होता.

"लहू, अभी सब लोग पिस्तौल पे रेड डॉट लगाता. अपना भी लगाने का. कौनसा, वो तुम देखो. जो तुम बोलेगा, वोही आएगा. पर्चेस मफी."

पर्चेस मफी म्हणजे खरेदी खात्याचा यात संबंध नाही. हे शेवटचे दोन शब्द ऐकून उस्तादांचा ऊर भरून आला. सीफच्या ऑफिसातल्या खरेदी खात्यानं मागं पथकासाठी पिस्तुलाची म्यानं घेतली होती, सगळीच्या सगळी डावखुऱ्यांची, कारण त्यांवर सूट होती. पथकात डावखुरा एकही नव्हता. नागपूरचा रुपेश रामटेके त्या काळात इतका इमानदारीनं सराव करायचा की काही दिवस तो भातही डाव्या हातानं खात होता.

"महिन्याच्या शेवटच्या गुरुवारी मी रेंजवर येतो," उबेदच्या बोलण्याचा मतलब असा होता, "तू निवडलेलं तूच आधी लाव, तूच आधी मार. तू पास, तर साइट पास."

आणि नापास, तर? ते उबेद बोलला नाही. बोलायची गरज नव्हती. आधीचे पथकप्रमुख एका वर्षी वार्षिक चाचणीत नेम चुकला म्हणून कंट्रोल रूममध्ये गेले होते आणि तिथं गारठलेल्या हवेत कॅमेऱ्यांचे पडदे बघत बसले होते. उस्ताद त्यांना रोज चहा पाठवत, आणि स्वतः त्या खोलीकडं कधी फिरकत नसत.

रेड डॉट साइट ही काडेपेटीहून लहान वस्तू. पिस्तुलाच्या पाठीवर बसवायची. आतला बारीक दिवा समोरच्या काचेवर लाल ठिपका टाकतो. दोन्ही डोळे उघडे ठेवून लक्ष्याकडं बघायचं, ठिपका जिथं तिथं गोळी. संपलं. नळीच्या टोकावरची मक्खी मागच्या खाचेत आणायची, श्वास धरायचा, मग बोट दाबायचं, ही जी विद्या उस्तादांनी अर्धं आयुष्य घालून मिळवली, ती या काचेनं बॅटरीवर चालवायला घेतली होती. पण उस्ताद जुन्याला कवटाळून बसणाऱ्यांपैकी नव्हते. निवड त्यांच्याकडं होती, त्यामुळं प्रगतीला त्यांचा पाठिंबा होता.

माल पुरवणाऱ्या कंपनीतर्फे बानू आली. मूळची श्रीवर्धनची, जन्म इथला, मराठी घरातून आलेली आणि इंग्रजी शाळेतून गेलेली. तिनं टेबलावर तीन डब्या मांडल्या आणि उस्तादांनी त्यांच्याकडं मुलीसाठी आलेली स्थळं बघावीत तसं बघितलं. पहिलं स्थळ देखणं आणि ऐसपैस. काच मोठी, पण दिवा उघड्यावर. दुसरं हुशार, बाहेरचा उजेड बघून ठिपका आपोआप कमीजास्त करणारं. स्वतःच्या डोक्यानं वागणारं हत्यार उस्तादांना आवडत नसे, पण त्यांनी तसं तोंडावर दाखवलं नाही. तिसरं ठेंगणं, काळं, दोन काचांच्या मधल्या पेटीत दिवा कोंडलेला, खिडकी एवढीशी.

"हे काय आहे जी? पेन्सिलीचं शार्पनर?" रुपेश बोलून गेला.

उस्तादांनी रीतसर चौकशी केली. कोटाखाली फुगवटा किती येतो? घामानं खराब होतं का? बॅटरी बदलायला अख्खी साइट उचकटावी लागते का? स्क्रूची भोकं आपल्या पिस्तुलाच्या भोकांवर बसतात का? बानूनं सगळ्याची उत्तरं दिली. स्वयंपाक येतो का, एवढंच विचारायचं राहिलं.

मग अस्करच्या पुढं वाळूत जी रेंज होती तिथं तिन्ही साइट्स नेल्या, रिकाम्या पिस्तुलांवर बसवल्या, आणि उस्तादांनी पहिलीत डोळा लावला.

ठिपका कुठला? मध्ये फुटलेल्या डाळिंबासारखं काहीतरी, एक शेपूट डावीकडं खाली, एक उजवीकडं वर. त्यांनी दुसरी घेतली. तेच. तिसरी घेतली. तेच.

"सदोष," उस्ताद म्हणाले. "तिन्ही सदोष. रुपेश, इकडं ये. बघ. ठिपका फाटलाय ना?"

रुपेशनं आधी काचेत बघितलं, मग उस्तादांच्या तोंडाकडं. "फाटलाच आहे ना जी, उस्ताद."

"शेपूट कुठल्या बाजूला आहे?"

"तुम्ही म्हणता त्याच बाजूले जी."

बाकीचे पाचही जण आळीपाळीनं आले, वाकले, आणि ठिपका फाटल्याचं सांगून गेले. एकानं तर हळहळही व्यक्त केली. उस्तादांच्या प्रश्नात उत्तर असतंच, शिकणाऱ्यानं ते फक्त उचलून परत द्यायचं, अशी या पथकाची रीत होती. यात लबाडी कुणाचीच नव्हती. शिस्त होती.

बानूनं माल बदलून दिला. बदललेल्या मालालाही शेपटं होती. तो परत गेला. तिसऱ्यांदा ती स्वतः रेंजवर आली, ऑगस्टच्या दुपारी, डोक्यावर टोपी आणि चेहऱ्यावर संयम घेऊन.

"सरवदेसाहेब, तीन वेगळ्या कंपन्या आहेत. एकमेकींशी बोलत पण नाहीत. सगळ्यांच्या ठिपक्याला एकाच बाजूला शेपूट? ठरवून?"

"मॅडम, इथली हवाच तशी आहे. माल टिकत नाही."

बानूनं काचेत बघितलं. "मला गोल दिसतो."

"तुम्ही विकता. तुम्हाला गोलच दिसणार."

"रुपेशदादा, तुम्हाला?"

"फाटका," रुपेश खाली बघत म्हणाला.

"बरं," बानू म्हणाली. "मग फोटो काढून पाठवा. माझ्या शब्दावर कंपनी काय करणार नाही, पुरावा लागतो."

उस्तादांना पुरावा हा शब्द आवडला. त्यांनी फोन काचेमागं धरला, श्वास रोखला आणि फोटो काढला. मग तो बोटांनी मोठा करून बघितला. ठिपका गोल होता. ताटात पडलेल्या मसुरीच्या दाण्यासारखा, कडेनं स्वच्छ, बिनशेपटीचा.

"फोनचा कॅमेरा खराब आहे," उस्ताद म्हणाले.

"खराबच आहे ना जी," पथक म्हणालं.

रुपेशचा फोन घेतला. त्याचाही कॅमेरा खराब निघाला.

बानूनं टोपी सारखी केली आणि ती गाडीत जाऊन बसली. विकणाऱ्या माणसानं कधी गप्प बसावं हे तिला उत्तम कळत होतं.

त्या संध्याकाळी उस्ताद घरी आले ते थेट बाल्कनीत जाऊन उभे राहिले. समोरच्या दुकानाचा दिवा नुकताच लागला होता, मिशीसकट. नेमबाजाला एक सवय असते. गोळी भरकटू लागली की तो एका वेळी एकच गोष्ट बदलून बघतो. बंदूक बदलून बघतो, गोळी बदलून बघतो, जागा बदलून बघतो. आणि सगळं बदलूनही गोळी तिकडंच जात असेल, तर मग बदलायचा एकच माणूस उरतो. उस्तादांनी साइट्स बदलल्या होत्या, फोन बदलले होते. आता त्यांनी मान हळूहळू उजव्या खांद्याकडं कलती केली.

दिव्याची मिशीही कलली.

त्यांनी मान डावीकडं केली. मिशी आज्ञाधारकपणे डावीकडं आली. पथकातला कुठलाही जवान इतक्या तत्परतेनं वळला नसता.

"मान आखडली का?" मागून राधाबाईंनी विचारलं. त्या नुकत्याच शाळेच्या ऑफिसातून आल्या होत्या, खांद्याला अजून पर्स होती.

"राधा, त्या दिव्याला मिशा हायत का?"

"परत सुरू झालं का तुमचं?"

"सांग की."

"न्हाईत. कधीच नव्हत्या. लग्नाच्या वाढदिवसाला सीफला जेवायला गेलो तवा बी मी सांगितलं होतं. तुम्ही म्हणलाव, तू गाडी चालवत न्हाईस, तुला कळायचं न्हाई."

"मग पोरं समदी हो म्हणत्यात, ते?"

"पोरं तुम्हाला उस्ताद म्हणत्यात. मी अहो म्हणते."

उस्तादांनी मान सरळ केली. "मेडिकलला दरसाल पास होतो की मी. डोळ्याचा तक्ता घडाघडा वाचतो."

"तक्ता तोच असतोय दरसाल. मला बी पाठ झालाय. झोपंत म्हणता तुम्ही."

उस्ताद आत येऊन सोफ्यावर बसले. आणि मग, ज्या आवाजात ते फौजेतही कधी कुणाशी बोलले नसतील अशा आवाजात म्हणाले, "गुरुवारी उबेदसाहेब येणार. नाकावर चष्मा लावून रेंजवर उभा राहू? सगळं आयुष्य या डोळ्यावर काढलं, राधा. गावात घर झालं ते यानं झालं. नेमबाजाचा डोळा गेला म्हणलं की मग राहिलं काय? कंट्रोल रूम."

राधाबाईंनी पर्स ठेवली, हातपाय धुतले, मेणबत्ती काढली आणि फडकं नवऱ्याच्या हातात दिलं. संध्याकाळी वंदनेच्या आधी फोटो पुसायचा मान उस्तादांचा होता. ते उठले. हवालदाराच्या शिस्तीनं कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत काच पुसू लागले, गेली कित्येक वर्षं पुसत होते तशी. निळा कोट पुसला, टाय पुसला, कपाळ पुसलं. मग फडकं डोळ्यांवर आलं आणि थांबलं.

"त्यांना चष्मा होता," राधाबाई काडी ओढत म्हणाल्या. "त्यांना काय कमी दिसलं?"

उस्तादांनी काच पूर्ण पुसली. नेहमीपेक्षा जरा जास्तच वेळ. वंदना झाल्यावर ते म्हणाले, "उद्या अर्धा दिवस लीव्ह टाकतो."

सलमानियात मोठ्या सरकारी इस्पितळापासून जवळच पॉल तुस्कानोचं चष्म्याचं दुकान होतं. पॉल वसईचा, डोळे तपासण्याचं रीतसर शिकलेला, आणि बहरीनमधले निम्मे मराठी डोळे त्याच्या ओळखीचे.

"बसा लहूभाऊ. हनुवटी इथे ठेवा. आता समोर वाचा."

उस्तादांनी सगळ्या ओळी वरपासून खालपर्यंत खणखणीत म्हणून दाखवल्या.

"छान," पॉल म्हणाला. "मी अजून दिवा लावला नाय."

मग त्यानं कपाटातून एक मराठी अक्षरांचा तक्ता काढला, वसईहून आणलेला, आणि तो समोर टांगला. उस्ताद तिसऱ्या ओळीत अडकले. 'भ' आणि 'म' यांच्यात त्यांचा बराच वेळ गेला. पॉलनं भिंगं बदलली, फिरवली, पुन्हा बदलली. आणि एका क्षणी सगळी अक्षरं दक्ष होऊन रांगेत उभी राहिली.

"तुमचं बुबुळ चेंडूसारखं हवं, ते थोडं अंड्यासारखं झालंय," पॉल म्हणाला. "म्हणून ठिपक्याची रेघ दिसते. बरीच वर्षं असेल. दिव्यांना मिशा दिसत असतील?"

उस्ताद दचकले. "ते हवेमुळं नव्हं?"

"अरे बाबा, हवेमुळे असतं तर अख्ख्या बहरीनने माझ्याकडे चष्मे केले असते. मी आता वसईत बंगल्याच्या ओट्यावर बसलेलो असतो. डोळा गेला नाय तुमचा. वाकडा झालाय. वाकडं सरळ करता येतं, गेलेलं आणता येत नाय. फ्रेम बघा."

पॉलनं आधी बिनकाठाची दाखवली, मग खेळाडू लावतात तशी, डोळ्यांभोवती वळणारी दाखवली. उस्तादांनी सगळ्यात वरच्या फळीकडं बोट केलं. जाड, काळी, गोल.

"ती? ती आता कोणी घेत नाय."

"मी घेतो," उस्ताद म्हणाले.

चष्मा आला आणि उस्तादांनी पथकाला न सांगता खरी निवड सुरू केली. आता मात्र ते कुणाचं ऐकणार नव्हते, स्वतःचंसुद्धा. रोज एक साइट रिकाम्या पिस्तुलावर लावून त्यांनी दिवसभर कोटाखाली वागवली. देखण्या स्थळाच्या उघड्या दिव्यावर दुपारपर्यंत कोटाच्या अस्तराचा कापूस जाऊन बसला आणि ठिपका रजईत गेल्यासारखा दिसू लागला. हुशार स्थळाची हुशारी गाडीतच कळली. आत सावली बघून त्यानं ठिपका मंद केला, आणि बाहेरच्या भगभगीत उन्हात तो ठिपका शोधून सापडेना. शार्पनर मात्र काहीही बोललं नाही. कापूस बसला तर बाहेरच्या काचेवर, अंगठ्यानं पुसला की गेला. ठिपका ठेवला तिथं, ठेवला तेवढा. कोटाखाली इतकं मुरलं की राधाबाईंनी विचारलं, "आज ड्युटी न्हाई का?" कमरेला काय आहे हे बायकोलाही कळू नये, याहून मोठं प्रमाणपत्र उस्तादांना ठाऊक नव्हतं.

गुरुवारी सकाळी उबेद गहव्याचा, म्हणजे अरबी कॉफीचा, थर्मास घेऊन रेंजवर आला. पथक रांगेत उभं होतं. उस्तादांची गाडी आली, दार उघडलं आणि काळा गोल चष्मा लावलेले उस्ताद गार गाडीतून ऑगस्टच्या हवेत उतरले. त्याच क्षणी चष्म्याच्या दोन्ही काचा दुधासारख्या पांढऱ्या झाल्या.

उस्ताद जागच्या जागी उभे राहिले. पथकही उभं राहिलं. उस्ताद काहीतरी गंभीर विचार करत असावेत, असं सगळ्यांनी धरून घेतलं. मग उस्तादांनी खिशातून साबणाचा पातळ तुकडा काढला, काचांवर अगदी पुसटसा हात फिरवला, रुमालानं चोपून पुसलं. पिस्तुलावरच्या साइटच्या काचेलाही तोच उपचार केला. गॅसच्या मुखवट्याच्या काचा धुकटू नयेत म्हणून फौजेत हेच करायचे. साबणाला देश नसतो. दोन्ही काचा स्वच्छ राहिल्या.

"साहब, एक मिनट," ते उबेदला म्हणाले, आणि पथकाकडं वळले. "ऐका सगळ्यांनी. साइट्स सदोष हायत असं मी म्हणालो होतो. ते चूक. साइट्स चांगल्या होत्या. डोळा माझा वाकडा होता."

अशा वाक्यावर काय म्हणायचं असतं हे पथकाला कुणी शिकवलं नव्हतं.

"वाकडाच होता ना जी, उस्ताद," रुपेश सवयीनं म्हणाला.

"गप. आता तोंडानं कुणी बोलायचं नाही. एकेक जण या, त्या टेबलावरच्या साइटच्या काचेत बघा, आणि जे दिसलं ते वाळूत बोटानं काढा. माझ्या तोंडाकडं बघायचं नाही, शेजाऱ्याच्या वाळूकडं बघायचं नाही."

एकेक जण गेला. वाळूत एकेक गोल उमटत गेला, लहान, मोठा, थरथरता, पण गोल. शेवटी रुपेश वाकला, काचेत बघितलं आणि त्यानं वाळूत फुटलेलं डाळिंब काढलं. शेपटीसकट.

उस्तादांचा आवाज चढला. "रुपेश! मी काय सांगितलं? मला बरं वाटावं म्हणून नाही काढायचं!"

"खरंच तसा दिसते ना जी!" रुपेश काकुळतीला आला. "म्या तेव्हाही खरंच सांगतलं होतं. मले वाटलं सगळ्यालेच तसा दिसते."

उस्तादांनी वाकून बघितलं. रुपेशच्या ठिपक्याची शेपटी उलट्या बाजूला होती. "अरे पण माझी शेपटी इकडं होती. तुझी तिकडं आहे."

"हो जी. मले वाटलं मी ज्युनियर आहो, म्हणून उलटी दिसत असंन."

उबेदला हे हिंदीत समजावून सांगायला वेळ लागला. समजल्यावर त्याच्या हातातला गहवा वाळूत सांडला. तो इतका हसला की पथकालाही हसायची परवानगी मिळाल्यासारखं झालं. उस्ताद हसले नाहीत. त्यांनी रुपेशच्या खांद्यावर हात ठेवला. सहा जणांत एकटाच खरं बोलला होता, आणि तोही खोटं बोलतोय असं वाटण्याइतका नम्र होता.

"यल्ला, चलो लहू," उबेद डोळे पुसत म्हणाला. "कौनसा?"

उस्तादांनी शार्पनर बसवलेलं पिस्तूल उचललं.

"ये छोटा? पक्का?"

"पक्का, साहब. कोट के नीचे दिखता नहीं, कपास खाता नहीं, धूप में सोता नहीं."

त्यांनी पिस्तूल भरलं, म्यानात घातलं, कोट सारखा केला आणि चाचणीच्या नेहमीच्या पंचवीस पावलांऐवजी त्याहून मागं, आपल्या जुन्या खुणेवर जाऊन उभे राहिले. इशारा झाला. कोटाची कड मागं गेली, हात वर आला, अस्तर कुठं अडकलं नाही. दोन्ही डोळे उघडे. समोर कागद, कागदावर काळं वर्तुळ आणि त्या वर्तुळात लाल ठिपका. गोल, शांत, बिनमिशीचा. इतक्या वर्षांत उस्तादांनी इतकी स्वच्छ गोष्ट बघितली नव्हती. मग त्यांनी गोळ्या सोडल्या.

उबेद कागदापाशी गेला आणि तिथूनच ओरडला, "बाकी का गोली किधर गया?"

"उसी में है, साहब."

उबेदनं कागद उन्हात धरला. मधोमध एकच भोक होतं, कडा जरा फाटलेल्या, सगळ्या गोळ्या त्यातूनच गेलेल्या. तो परत आला, कागदाकडं बघितलं, उस्तादांकडं बघितलं, मग चष्म्याकडं.

"खलास. यही लेंगे सब के लिए." आणि जाता जाता म्हणाला, "ये चश्मा अच्छा है, लहू. तुम बड़ा वकील लगता है. कायदे का किताब लिखनेवाला."

उबेदला आपण काय बोललो याची कल्पना नव्हती. उस्तादांनी टाचा जुळवल्या, आणि ज्या ताठपणानं त्यांनी कधीकाळी पदक घेतलं होतं, त्याहून बोटभर जास्त ताठ होऊन ते उभे राहिले. मागं रांगेत रुपेशच्या तोंडून हळूच "जय भीम, उस्ताद" निघालं. या वेळी ते कुणी त्याला विचारलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी उस्तादांनी बानूला मेल केला. तो लिहायला त्यांना नेमबाजीपेक्षा जास्त वेळ लागला. 'आपण पुरवलेल्या साइट्समध्ये आता समाधानकारक सुधारणा दिसून आली आहे. त्यांपैकी बंद पेटीची साइट पथकासाठी पसंत करण्यात येत आहे.' बानूचं उत्तर लगेच आलं. 'आमच्याकडून काहीही बदललेलं नाही. तरी अभिनंदन.' उस्तादांनी ते दोनदा वाचलं आणि राधाबाईंना दाखवलं. "पोरगी हुशार हाय," ते म्हणाले. राधाबाई म्हणाल्या की त्यांना त्यात नवीन काही दिसत नाही.

रुपेशचा चष्मा पॉलनं पुढच्या आठवड्यात केला. तोही काळा, तोही गोल. नंतर पॉलचा फोन आला की तुमची आणखी दोन माणसं तीच फ्रेम मागताहेत, नंबर शून्य आहे, काय करू? "हाकलून दे," उस्ताद म्हणाले. पण फोन ठेवताना त्यांच्या चेहऱ्यावर जे होतं त्याला राग म्हणता आलं नसतं.

महिन्याभरानं चिपळूणचा गंधार नावाचा नवा माणूस पथकात दाखल झाला. उस्ताद त्याला आणायला विमानतळावर गेले. दिवेलागण होत होती. रस्त्यावरचे सगळे दिवे हजामत करून आल्यासारखे तुळतुळीत दिसत होते. उस्तादांना अजून त्याची पुरती सवय झाली नव्हती, आणि अधूनमधून जुनं बहरीन जरा रुबाबदार होतं असंही वाटून जायचं. सिग्नलला गाडी थांबली.

"गंधार," उस्तादांनी विचारलं, "त्या दिव्याला मिशा दिसतात का रे?"

गंधारला आदल्या रात्रीच पथकातल्या कुणीतरी फोनवर सगळं समजावून सांगितलं होतं. उस्ताद दिव्यांबद्दल विचारतात, तेव्हा हो म्हणायचं. ते समजावणाऱ्याला उस्तादांच्या चष्म्यानंतरचं धोरण नीट कळलेलं नसावं.

"हो उस्ताद," गंधार तत्परतेनं म्हणाला. "भरपूर आहेत."

उस्तादांनी चष्मा नाकावर सारखा केला, सिग्नल हिरवा होऊ दिला आणि गाडी क्वार्टर्सच्या रस्त्याला न घेता थेट सलमानियाकडं, पॉलच्या दुकानाकडं वळवली.